‘ताई’ लावणाऱ्या बाविस्करबाई

बाविस्करबाईंविषयी कुणी चांगलं बोलायला लागलं की मी अजूनही पदर सावरते, घड्याळ बघते आणि विषय बदलते. आता त्या जळगावात नाहीत, आमचा एकमेकींशी काही संबंध उरलेला नाही, माझी पन्नाशी उलटून गेली. तरी पोटात जे व्हायचं ते होतंच. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण या भावनेला ‘जळणं’ याच्याइतका नेमका शब्द मला त्या भाषेत सापडला नाही.

जळगावात पंपसेटच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर महाजन सरांचा क्लास होता. बाविस्करबाई येण्याआधी बारा वर्षं मी तिथं इंग्रजी शिकवत होते. आसपासच्या खेड्यांतून मुलं-मुली यायच्या, सहा महिन्यांत फाडफाड इंग्रजी बोलता यावं म्हणून. फाडफाड कुणालाच यायचं नाही, पण नमस्कार-चमत्कारापुरतं यायचं. मजल्याच्या टोकाला दोन बाजूंनी खिडक्या असलेली एक खोली होती. तिथं जुनी बाकं भरून ठेवली होती. बाकं काढून ती खोली मला द्या, असं मी बारा वर्षांत महाजन सरांना एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मिळाली असती. मला वाटायचं, त्यांनाच कळायला हवं.

मग जपानचं वारं आलं. तिकडं म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला मुली-मुलं हवीत, पण आधी भाषेची परीक्षा द्यावी लागते, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. एका सोमवारी मी जिना चढून आले तर बाकं व्हरांड्यात काढलेली, खोली पाण्यानं धुतलेली, आणि दारात एक ठेंगणी, सावळी, चष्मेवाली बाई ओला फडका पिळत उभी.

“मी शैला बाविस्कर. अमळनेरहून येते. जपानी शिकवणार आहे,” त्या म्हणाल्या. “खोली फार छान आहे हो. तुम्ही कशी घेतली नाहीत?”

त्या साधेपणानं विचारत होत्या. मला ते चिमटा काढल्यासारखं लागलं.

बाविस्करबाई रोज सकाळी अमळनेरहून रेल्वेनं यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी पुण्यात एका कंपनीत नोकरीला असताना तिथं येणाऱ्या जपानी पाहुण्यांमुळे त्यांना भाषेचा नाद लागला. वरच्या परीक्षा दिल्या. मग आईला अर्धांगवायू झाला आणि त्या अमळनेरला परत आल्या. पंधरा-सोळा वर्षं त्यांच्याशी जपानीत बोलायला गावात चिटपाखरू नव्हतं. भाकरी थापताना स्वतःशीच बोलायच्या म्हणे. पुण्यात लागलेल्या सवयी मात्र त्यांनी इकडेही सोडल्या नाहीत. वर्गात शिरताना चपला काढून टाचा भिंतीकडे करून ठेवायच्या. डबा उघडला की हात जोडायच्या. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. आमच्या शिपायाला, नानांना, त्या ‘नानासान’ म्हणायच्या, म्हणजे जपानीत ‘नानासाहेब’. नाना साठीचे. बारा वर्षं मी त्यांना ‘ओ नाना’ म्हणत आले, आणि ते माझ्या खोलीत खडू सांगितल्यावर आणायचे. बाविस्करबाईंच्या खोलीत खडूचा डबा आधीच भरलेला असायचा.

त्यांना ‘नाही’ म्हणता यायचं नाही. म्हणजे ‘नाही’ हा शब्द न वापरता त्या नाही म्हणायच्या. एकदा महाजन सरांनी विचारलं, “मॅडम, रविवारी एक जादा बॅच घ्याल का?” बाविस्करबाईंनी मान किंचित तिरकी केली. “रविवार जरा...” म्हणाल्या आणि थांबल्या. सर वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिले. बाई हसून खाली बघत राहिल्या. शेवटी सरच म्हणाले, “बरं बरं, राहू द्या.” त्याच आठवड्यात सरांनी मलाही विचारलं. मी माझ्या भाच्याचं बारसं, गुडघेदुखी, पाहुणे अशी दहा कारणं सांगितली, आणि रविवारची बॅच माझ्याच गळ्यात पडली.

आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत आणि एक दार होतं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यांचा तास किराणा दुकानासारखा सुरू व्हायचा. “बोला, काय पाहिजे?” म्हटलं की लगेच मुलं ओरडायला लागायची. मोटारसायकल पाहिजे, मोबाइल पाहिजे, पाऊस पाहिजे. “वस्तू हवी ना? मग होशी,” बाई म्हणायच्या. “लक्षात कसं ठेवाल? हौशी माणसाला वस्तू हव्या असतात. हौशी, होशी!”

मी हे ऐकत होते आणि फळ्यावर लिहीत होते की, ‘मला हवं’ असं थेट म्हणू नये, ‘मला आवडेल’ असं म्हणावं, ते सभ्य दिसतं. माझी मुलं वहीत उतरवत होती, पण त्यांचे कान भिंतीला चिकटलेले मला दिसत होते.

पुढच्या आठवड्यात ‘ताई’ आली. जपानीत काही करायची इच्छा असेल तर क्रियापदाच्या शेवटी ‘ताई’ लावतात. नोमिताई म्हणजे प्यायचंय. तबेताई म्हणजे खायचंय. इकिताई म्हणजे जायचंय.

“लहानपणी वडिलांकडे काही मागायचं असलं की एकट्यानं जीभ उचलत नाही,” बाविस्करबाई सांगत होत्या. “मागे ताई उभी असली की धीर येतो. होतं की नाही असं? तसंच हे. क्रियापदाच्या मागे ताई उभी करा, इच्छा तयार. आणि नको असेल तर ताकुनाई. त्यात आपली ‘नाई’ आहेच!”

मुलं हसली, टाळ्या पडल्या. व्याकरणावर टाळ्या! मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही विषयांत एम. ए. केलेली बाई. ‘ताई’ हा शब्द मलाही ठाऊक होता. दुपारपर्यंत मजल्यावरची सगळी मुलं त्यांना ‘ताईमॅडम’ म्हणायला लागली. मला मुलं ‘चौधरी मॅडम’ म्हणत.

पण खरा नियम त्याच्या पुढचा होता. तो मला आजही त्यांच्या आवाजासकट पाठ आहे. “ही ताई फक्त स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी लावायची नाही. आपली इच्छा आपल्याला आतून कळते. दुसऱ्याची बाहेरून दिसेल तेवढीच. म्हणून ‘तिला जायचंय’ असं जपानी माणूस छातीठोक म्हणत नाही. ‘तिला जायचंयसं दिसतंय’ म्हणतो. त्याला तागारु लावायचं.”

एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या गल्लीत तर आपल्याला काय पाहिजे ते शेजारणीला आपल्याआधी कळतं!”

“म्हणून तर शिकायचं,” बाई म्हणाल्या.

मी चोरून जपानी शिकायला लागले. सकाळी कुकर लावला की ओट्यावर मोबाइल टेकवून धडे बघायचे. मला जपानला जायचं नव्हतं. मला त्यांची एक चूक पकडायची होती. दोन महिन्यांनी ती सापडली. पलीकडे मुली आजीबाईची सेवा करायचं नाटक बसवत होत्या. एकीनं विचारलं, “ओचा गा नोमिताई देसु का?” म्हणजे, तुम्हाला चहा प्यायचाय का? बाईंनी तिला दुरुस्त केलं नाही. मी दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले.

“मॅडम, वडीलधाऱ्यांना असं थेट त्यांच्या इच्छेबद्दल विचारत नाहीत ना?”

बाविस्करबाईंनी चष्मा वर केला. मला वाटलं, आता बाई सारवासारव करतील.

“अगदी बरोबर. माझं लक्ष नव्हतं, मी चुकले,” त्या म्हणाल्या. फळा पुसून त्यांनी नवं वाक्य लिहिलं, चहा देऊ का अशा अर्थाचं. मग मुलांकडे वळल्या. “बघा, मॅडमना कुणी शिकवलेलं नाही. त्या एकट्यानं शिकतायत. टाळ्या!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्गात माझ्यासाठी वाजलेल्या तेवढ्याच टाळ्या, आणि त्याही बाविस्करबाईंनी दिलेल्या. मी दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून राहिले. अंगाची नुसती आग होत होती.

पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे रोहिणी नावाची मुलगी होती. यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. माझ्याकडे आठ महिने इंग्रजीला होती. मागच्या बाकावर बसायची, हजेरीला ‘येस’ म्हणायची, बाकी तोंडातून अक्षर नाही. ती जपानीच्या वर्गात गेली आणि तीन महिन्यांत पहिल्या बाकावर आली. परीक्षा पास झाली. कामासाठी मुलाखत ठरली तेव्हा तिचे वडील, दामाभाऊ, तिला घरी न्यायला आले. मी तेव्हा बाविस्करबाईंच्या खोलीतच होते.

दामाभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, “बाई, तिले जानं नही शे. तिले आठेच ऱ्हानं शे.” तिला इथंच राहायचंय म्हणे.

बाविस्करबाई अमळनेरच्या. त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, “आबा, ती आठेच उभी शे. तिलेच इचारा.”

“तिले काय इचारनं? मी तिना बाप शे.”

बाईंनी फक्त खुर्ची पुढे सरकवली. दामाभाऊ बसले. रोहिणी भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला तर मध्ये बोलावंसं वाटत होतं, काहीतरी समजुतीचं. बाविस्करबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मग रोहिणी अगदी हळू म्हणाली, “निहोन ए इकिताई देसु.”

“काय म्हनस ती?” दामाभाऊंनी बाईंना विचारलं.

“मी नाही सांगणार. तिला विचारा.”

दामाभाऊंनी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “माले जपानले जानं शे, बाबा.” आणि मग दुसऱ्यांदा, मोठ्यानं. आठ महिन्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

दामाभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी म्हणाले, “तठे जवारी भेटस का?”

रोहिणी गेली. माझ्या आठ महिन्यांचं कुणी नावही काढलं नाही, आणि खरं म्हणजे काढण्यासारखं काही नव्हतंही.

त्या पावसाळ्यात एकदा डबा खाताना मी बाविस्करबाईंना विचारलं, “सगळ्यांना ‘काय पाहिजे’ विचारता. तुम्हाला काय पाहिजे?” त्या घास हातात घेऊन थांबल्या. मग पोरीसारख्या लाजल्या. “युकी गा मिताई,” म्हणाल्या. “बर्फ पडताना बघायचाय. पंचवीस वर्षं ती भाषा बोलतेय, चौधरी मॅडम, पण तो देश डोळ्यांनी पाहिला नाही. मुलं जातात, फोटो पाठवतात. मला त्यांचा...” आणि नेहमीसारख्या वाक्य अर्धं टाकून हसल्या.

त्यांनाही कुणाचा तरी हेवा वाटत होता तर. हे ऐकून मला बरं वाटलं.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. त्या दिवशी बाई आईला दवाखान्यात दाखवायचं म्हणून आल्या नव्हत्या. महाजन सर बाहेर गेलेले. ऑफिसातला फोन वाजला, मी उचलला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. शिक्षकांसाठी जपानमध्ये आठ आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, जानेवारीपासून. उत्तर महाराष्ट्रातून एकच जागा होती आणि बाविस्कर मॅडमचं नाव सगळ्यांनी सुचवलं होतं. त्यांचा मोबाइल लागत नव्हता आणि संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

“त्यांना जायचंय का, एवढंच सांगाल?”

मी म्हणाले, “नाही. त्यांना नाही जायचं. आई अंथरुणाला खिळून आहेत.”

“तुम्ही विचारलंय त्यांना?”

“हो.”

फोन ठेवला आणि मी माझा तास घ्यायला गेले. तासभर मी उत्तम शिकवलं. मनाशी म्हणत होते, नाहीतरी आईला टाकून त्या कशा जाणार होत्या? मी त्यांचा त्रासच वाचवला. पण जानेवारी म्हणजे तिकडे बर्फाचे दिवस, हे फोन हातात असतानाच माझ्या डोक्यात आलं होतं. ते मी आज लपवत नाही.

फेब्रुवारीत त्या मुलांना परीक्षेसाठी पुण्याला घेऊन गेल्या. सोमवारी परत आल्या, तास घेतला, मुलं गेल्यावर मधलं दार उघडून माझ्या खोलीत आल्या आणि पहिल्या बाकावर, मुलं बसतात तिथं बसल्या.

“पुण्याला एक बाई भेटल्या. आईची तब्येत विचारत होत्या. म्हणाल्या, तुम्ही जायला नकार दिलात म्हणून नाशिकच्या एका मॅडमना पाठवलं. फोन कुणी घेतला होता?”

नानांचं नाव घेता आलं असतं. तेही मनात येऊन गेलं. मी म्हणाले, “मी.”

“मला विचारलंय म्हणून सांगितलंत?”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “कदाचित मी नाहीच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या. “आईला ठेवणार कुणाकडे? रात्रभर विचार केला असता, रडले असते, आणि सकाळी नाहीच म्हटलं असतं. पण ते ‘नाही’ माझं होतं, मॅडम.”

मला माफी मागायची होती. शब्द फुटले ते भलतेच. “मुलं माझ्याकडे तशी बघत नाहीत,” मी म्हणाले. “तुमच्याकडे बघतात तशी. मला ते पाहिजे होतं.”

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “हे आधी बोलायचं होतंत,” म्हणाल्या. रागाचा स्वर नव्हता. दमलेल्या वाटल्या. त्यांनी मधलं दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच पलीकडून कडी घातल्याचा आवाज आला.

महाजन सरांना त्यांनी कधीही सांगितलं नाही. मी पुण्याच्या बाईंना पत्र लिहून सगळं कबूल केलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. जागा भरली होती आणि पुढच्या वर्षी तसं प्रशिक्षण होणार नव्हतं. ते पत्र मी बाविस्करबाईंच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते घडी घालून माझ्या टेबलावर परत आलेलं होतं.

उन्हाळ्यात त्यांची आई गेली. मी अमळनेरला भेटायला गेले. दोन खोल्यांचं घर. आईची कॉट अजून तिथंच होती, गादी गुंडाळलेली. कॉटशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा लावला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चौकोन आखलेले: पाणी. पंखा. कूस बदल. दुखतंय. रेडिओ. मीठ कमी. शेवटचा चौकोन होता, ‘काही नको’. अर्धांगवायूनं आईची वाचा गेली होती, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

दिवसा आईंजवळ बसणाऱ्या शेजारच्या अक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढी वर्षं झाली, शैलानं कधी स्वतःच्या मनानं आईच्या तोंडाला पेला लावला नाही. एकेका चौकोनावर बोट ठेवायची आणि म्हातारीची पापणी हलायची वाट बघायची. आम्ही म्हणायचो, अगं, उन्हाळा शे, पाणीच पाहिजे असेल. तर म्हणायची, तिला सांगू दे.”

बाविस्करबाई आतून आल्या. मला बघून नमस्कार केला. आम्ही उन्हाबद्दल बोललो, गाडीच्या वेळेबद्दल बोललो. मी “येते” म्हणाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. “आलात, बरं वाटलं,” म्हणाल्या. खरंच वाटलं की नाही, हे मी ठरवायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडून शिकले होते.

महिनाभरात त्या धुळ्याला गेल्या. तिथं त्यांनी स्वतःचा क्लास काढला. निरोप समारंभाला नाना लहान मुलासारखे रडले. जपानीची बॅच मोडली, मुलं त्यांच्या मागे धुळ्याला गेली. ती दोन खिडक्यांची खोली महाजन सरांनी न मागता मला दिली. उजेड छान येतो. एवढ्या मोठ्या खोलीत माझी अकरा मुलं अगदीच थोडी दिसतात.

मागच्या डिसेंबरात भाचीच्या साखरपुड्याला मी धुळ्याला चालले होते. सकाळची वेळ. गावात शिरताना रस्त्याचं काम चालू होतं आणि एस. टी. एका मोकळ्या मैदानापाशी थांबून राहिली. मैदानात कुणीतरी बाई स्कूटर शिकत होती. दोन्ही पाय बाहेर काढून, पदर कमरेला खोचून, डोक्याला भलं मोठं हेल्मेट. हेल्मेटखालचा चष्मा ओळखीचा वाटला आणि मी खिडकीची काच सरकवली. बाविस्करबाईच होत्या.

शिकवायला बरोबर कुणी नव्हतं. त्या एकट्याच मोठा गोल फिरत होत्या. वळणावर स्कूटर कलली आणि त्या धुळीत बसल्या. मी सीटवरून अर्धी उठले. त्यांनी कोपर झटकलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी नाहीसं बघून एकट्याच मोठ्यानं हसल्या. मग स्कूटर उभी केली आणि पुन्हा बसल्या. या वेळी वळण जमलं. पाय वर घेतले आणि त्या मैदानाच्या पार टोकाला गेल्या.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. कंडक्टर म्हणाला, “काच लावा मॅडम, धूळ येते.” मी काच लावली. गाडी हलली. माझ्या पोटात तेच जुनं काहीतरी पेटलं होतं, आणि धुळ्याचा स्टॅण्ड येईपर्यंत मी मान वळवून मागेच बघत होते.